वेताचा हंगाम : चौदा गाभण शेळ्यांची नोंदवही

३० सप्टेंबर

भूम तालुक्यातील माळावरच्या आमच्या गोठ्यात आज १६ उस्मानाबादी शेळ्या आणि एक बोकड आहे. (जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, तरी जातीचे नाव उस्मानाबादीच राहिले आहे.) गेल्या वर्षी आमच्याकडे २३ करडे जन्मली आणि त्यांतली ६ दगावली. त्या वेळी कॅलेंडरवर फुली मारण्यापलीकडे मी काही लिहीत नव्हते. पण या पावसाळ्यात त्या फुल्या आणि घरातल्यांच्या आठवणी जुळवून पाहिल्या, तेव्हा सहापैकी चार करडे पहिल्या तीन दिवसांत गेली होती, असे दिसले. ‘थंडीने गेली’ असे म्हणून आम्ही तो विषय संपवला होता. ती जन्मल्यावर पहिल्यांदा केव्हा लुचली, त्यांचे वजन किती होते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. म्हणून या वर्षी प्रत्येक शेळी लागल्याची (बोकडाशी जुळल्याची) तारीख, विण्याची वेळ, करडाचे वजन, चीक पोटात जाण्यास लागलेली मिनिटे आणि वार (करडामागून बाहेर येणारे गर्भाचे आवरण) पडण्याची वेळ या पाच गोष्टी लिहायच्याच, असे ठरवले आहे.

बोकड वर्षभर कळपात मोकळा ठेवण्याची सवय मोडून तो फक्त १५ जून ते २७ जुलै एवढाच काळ शेळ्यांत सोडला. शेळीला साधारण दर २१ दिवसांनी माज येत असल्यामुळे सहा आठवड्यांत प्रत्येकीला दोन संधी मिळतात, आणि सगळी करडे दीड महिन्याच्या आत जन्मतात. बोकडाच्या छातीला रोज सकाळी गोडेतेलात कालवलेला गेरू लावत होतो. ज्या शेळीच्या पाठीमागच्या भागावर लाल डाग उमटला, ती त्या दिवशी लागली असे धरून तारीख लिहिली. १६ पैकी १४ शेळ्या पुन्हा माजावर आल्या नाहीत. गाभणकाळ १५० दिवसांचा, चार-पाच दिवस मागेपुढे, या हिशेबाने पहिली शेळी १२ नोव्हेंबरच्या आसपास व्यावी.

उद्यापासून खुराक सुरू करणार आहे. पोटातल्या करडाची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते, आणि नेमक्या त्याच काळात वाढता गर्भ कोठीपोटाला दाबत असल्यामुळे शेळीला फार वैरण खाता येत नाही. म्हणजे थोड्या घासात जास्त पोषण द्यावे लागते. मक्याचा भरडा ४० भाग, तूरचुनी २२, शेंगदाणा पेंड २०, गव्हाचा कोंडा १५, क्षारमिश्रण २ आणि मीठ १ असे मिश्रण केले आहे. रोज प्रत्येकी २०० ग्रॅमने सुरुवात करून महिनाभरात ४०० ग्रॅमपर्यंत न्यायचे आहे. एकदम वाढवले, तर अपचन होऊन पोट फुगेल.

१२ ऑक्टोबर

आज पशुवैद्यक डॉक्टरांनी चौदाही शेळ्यांना आंत्रविषाराची (आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणाऱ्या रोगाची) लस दिली. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, गाभण जनावराला सुई टोचणे मान्य नव्हते. डॉक्टरांनी त्यांना समजावले की, शेळीच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्ये वारेतून गर्भाला मिळत नाहीत. करडू त्या बाबतीत रिकाम्या हाताने जन्मते आणि त्याला जे काही मिळते ते चिकातूनच मिळते. विण्याआधी महिनाभर लस दिली, तर ती ताकद चिकात उतरते. मीही हे इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदाच ऐकले. लस देताना शेळ्यांची धावपळ होऊ दिली नाही. एकेकीला गव्हाणीशी भरडा खाताना धरले.

२५ ऑक्टोबर

पहिलटकरणी तीन पाटांना (तरुण शेळ्यांना) मोठ्या शेळ्या गव्हाणीवर टिकू देत नाहीत, असे लक्षात आले. चांदणी नावाची पाट तर ढुसण्या खाऊन कोपऱ्यात उभी राहते आणि सगळ्यांचे संपल्यावर रिकामी गव्हाण चाटते. तिघींना आजपासून वेगळ्या कप्प्यात खुराक. चांदणीच्या बाबतीत मला काळजी आहे. जूनमध्ये ती अवघी १८ किलोची होती. किमान २२ किलो होईपर्यंत तिला बोकडापासून दूर ठेवायला हवे होते. ते मी केले नाही.

४ नोव्हेंबर

मोरी नावाची शेळी कालपासून खुराकाला तोंड लावत नव्हती. आज सकाळी ती कळपापासून दूर, मान खाली घालून उभी होती, दात खात होती, आणि तिच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडूस वास येत होता. गेल्या वेळी तिने जुळे दिले होते आणि या वेळी तिचे पोट त्याहूनही मोठे दिसते. डॉक्टर दुपारी आले. पोटात दोन-तीन करडे असली आणि आईला पुरेशी ऊर्जा मिळाली नाही, की तिचे शरीर स्वतःची चरबी वितळवू लागते. त्यातून रक्तात विषारी द्रव्ये साठतात आणि वेळेवर उपचार झाले नाहीत, तर शेळी खाली बसते ती उठत नाही. शिरेतून ग्लुकोज दिले आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल दिवसातून दोनदा ६० मिली तोंडाने पाजायला सांगितले. पाजताना तिची मान उंच करायची नाही, नाहीतर औषध फुप्फुसात जाते.

मी खुराक २०० ग्रॅमवरून ३५० वर नेला होता, पण सगळ्यांना सारखाच. जिच्या पोटाचा घेर मोठा, तिला वेगळे मोजून द्यायला हवे होते.

७ नोव्हेंबर

मोरीने आज हादग्याचा पाला खाल्ला आणि रवंथ केला. खुराक अजून अर्धाच घेते.

विण्यासाठी पाच बाय चार फुटांचे तीन कप्पे तयार केले. जमीन खरवडून, चुना मारून, चार दिवस उन्हात वाळू दिली आणि वर सोयाबीनचे कोरडे भुसकट पसरले. एका डब्यात सामान भरून ठेवले आहे : टिंक्चर आयोडीन, नवे ब्लेड, उकळलेला दोरा, साबण, रबरी हातमोजे, जुन्या धोतराचे स्वच्छ तुकडे, थर्मामीटर, ताणकाटा, बॅटरी, चीक पाजण्याची बाटली आणि डॉक्टरांनी वापर शिकवलेली बारीक रबरी नळी. फिरत्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा १९६२ हा क्रमांक डब्याच्या झाकणावर रंगाने लिहिला.

१२ नोव्हेंबर

भुरी आज व्याली. तिच्या अंगावर १६ जूनला गेरू दिसला होता, म्हणजे १४९ दिवस झाले.

कालपासून तिच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडले होते आणि कास तुकतुकीत ताणली होती. पहाटे ती सारखी उठबस करू लागली, पायाने भुसकट उकरू लागली आणि स्वतःच्या पोटाकडे वळून हुंकार देऊ लागली. ६.१० ला पाणमोट फुटली, ६.२५ ला दोन खुरे आणि त्यांवर टेकलेले नाक दिसले, आणि आणखी तीन कळांत करडू बाहेर आले. मी फक्त नाकातोंडावरचा चिकटा पुसला. बाकीचे भुरीने चाटून केले. ते चाटणे आपण उरकून टाकू नये, कारण त्यातूनच तिला आपल्या करडाचा वास ओळखीचा होतो. दुसरे करडू ६.४० ला आले. नाळ आयोडीनमध्ये बुडवली. वजने २.२ आणि २.० किलो.

पुढचा प्रसंग सविस्तर लिहून ठेवते. मी पहिले करडू सडाला लावायला घेतले, तशा आत्याबाई म्हणाल्या, “अगं, वार पडू दे आधी. त्याशिवाय लुचू द्यायचं नसतं, शेळीला बाधतं.” ही रीत त्यांना त्यांच्या सासूबाईंकडून मिळाली आणि आमच्या गावात बहुतेक घरांत पाळली जाते. वार पडायला कधी तीन तास लागतात, कधी सहा. शेळी रात्री दोनला व्याली, तर करडू सकाळपर्यंत उपाशी आणि ओले राहते. गेल्या वर्षीची चार करडे डोळ्यांसमोर आली. त्या रात्री आम्ही निष्काळजी नव्हतो. आम्ही जागून, काळजीने, वार पडायची वाट पाहत बसलो होतो.

मी त्यांना एवढेच म्हणाले, “आत्याबाई, करडू लुचलं की पान्हा सुटतो, आणि ज्यानं पान्हा सुटतो त्यानंच गर्भाची पिशवीही आवळते. वार लवकरच पडेल. या एका वेळी बघू या.” सडांतली पहिली धार जमिनीवर काढून सडाचे भोक मोकळे केले. दोन्ही करडे २५ मिनिटांच्या आत लुचली. वार ९.१५ ला पडली. आत्याबाई काही बोलल्या नाहीत, पण वार पुरायला त्या स्वतः गेल्या.

चिकातली प्रतिकारशक्ती करडाच्या आतड्यातून रक्तात जाण्याची वाट जन्मल्यापासून तासागणिक अरुंद होत जाते आणि साधारण एका दिवसात बंद होते. त्यानंतर पाजलेला चीक अन्न म्हणून उपयोगी पडतो, संरक्षण म्हणून नाही. भुरीला चीक भरपूर होता, म्हणून दोन्ही करडे तृप्त झाल्यावर २०० मिली काढून, त्याच्या शंभर-शंभर मिलीच्या दोन पिशव्या करून शेजारच्या खवा भट्टीच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या.

१४ नोव्हेंबर

मोरीने रात्री ११.३० ते १२.१० या वेळात तीन करडे दिली. पहिली दोन १.८ आणि १.७ किलोची, तिसरी मादी फक्त १.३ किलोची. मोरी आधीच दुखण्यातून उठलेली. दोन करडे चाटून ती खाली बसली आणि तिसरीकडे तिने पाहिलेही नाही. पहिली दोन लुचली तेव्हा ४० मिनिटे झाली होती. तेवढ्या वेळात तिसरी माझ्या नजरेतून सुटली. हात लावला, तर तिचे तोंड आतून गार होते. थर्मामीटरमध्ये ताप ९६ फॅरनहाइट. करडाचा तो १०२ ते १०३ असायला हवा.

अशा वेळी पहिली इच्छा चीक पाजण्याची होते आणि तीच घातक ठरते. गार पडलेल्या करडाचे पोट काम करत नाही, त्याला गिळता येत नाही, आणि पाजलेले दूध श्वासनळीत जाऊ शकते. आधी ऊब, मग चीक. तिला कोरड्या कापडाने घासून, गरम पाण्याच्या दोन बाटल्या पोत्यात गुंडाळून त्यांच्या मध्ये ठेवले. बाटली थेट अंगाला लागू दिली नाही. यजमान चुलीवर पाणी तापवत राहिले. एका तासाने ताप ९९.५ झाला आणि तिने मान उचलली. फ्रीजरमधल्या चिकाची पिशवी कोमट पाण्यात ठेवून वितळवली. चीक विस्तवावर तापवला, तर तो फाटतो आणि त्यातले संरक्षणही नष्ट होते. किलोमागे ५० मिली या हिशेबाने ६५ मिली चीक नळीने पोटात सोडला. नळी मानेच्या डाव्या बाजूला हाताला लागते याची खात्री दोनदा केली. पहाटे चारला तिने बाटलीचे बूच स्वतः ओढले. तेव्हापासून दर पाच-सहा तासांनी तेवढेच माप.

१६ नोव्हेंबर

चांदणीला १५२ वा दिवस. ५.१० ला पाणमोट फुटली. ५.४५ झाले तरी कळा जोरात असून पुढे काही नव्हते. दोन खुरे दिसत होती, नाक दिसत नव्हते. डॉक्टर दुसऱ्या गावी होते. त्यांनी फोनवर एकेक पायरी सांगितली. नखे कापलेली होती. हात कोपरापर्यंत साबणाने धुऊन, मोजा घालून, तेल लावून आत घातला. पुढचे दोन पाय सरळ होते आणि डोके मागे बरगडीकडे वळलेले होते. कळ थांबेल तेव्हा करडाला छातीकडून मागे ढकलायचे, कळ आली की फक्त धरून ठेवायचे, आणि जागा झाली की बोटांनी जबड्यामागे धरून डोके वळवून आणायचे. ओढण्याची घाई केली असती, तर चांदणीची पिशवी फाटली असती. २० मिनिटांनी डोके पायांवर आले. करडू २.७ किलोचे होते आणि मेलेले होते.

नाकात काडी घातली, छाती चोळली, उलटे धरून हलवले. उपयोग झाला नाही. एवढ्या लहान पाटेच्या पोटात एकच मोठे करडू, यात दोष तिचा नाही. जूनमध्ये मी ताणकाट्यावरचा आकडा पाहिला होता.

चांदणीची कास भरलेली होती आणि ती मेलेल्या करडाला चाटत होती. तेव्हा आत्याबाईंनीच सुचवले, “मोरीची धाकटी हिला लावून बघू.” चांदणीच्या अंगातून आलेले पाणी एका पाटीत धरले होते; त्यात ती दोन दिवसांची करडी मानेपर्यंत भिजवली, तिचे पाय सैल बांधले म्हणजे ती नवजातासारखी धडपडेल, आणि चांदणीच्या तोंडासमोर ठेवली. चांदणीने हुंगले, थांबली, आणि चाटू लागली. पाय सोडल्यावर करडी सडाकडे गेली, तेव्हा मात्र तिने लाथ मारली.

१९ नोव्हेंबर

चांदणीला दर चार तासांनी धरून उभी करावी लागते, तरच ती करडीला लुचू देते. आज दुपारी पहिल्यांदा न धरता लुचू दिले. डॉक्टरांनी तिला तीन दिवस प्रतिजैविक दिले, ताप नाही.

शेंडीने १८ ला जुळे (२.१ आणि १.९) दिले, बांडीनेही आज जुळे (दोन्ही २.० किलो). दोघींची करडे अर्ध्या तासाच्या आत लुचली, वार तीन-साडेतीन तासांत पडली. लिहिण्यासारखी अडचण नाही.

२६ नोव्हेंबर

पहिल्या माजाला लागलेल्या नऊही शेळ्या व्याल्या. एकूण १६ करडे, त्यांत एक मृत. सगळ्यांत उशिरा लुचलेले करडू ५० मिनिटांचे होते, ते नळीने पाजलेल्या करडीखेरीज.

थंडी वाढली आहे. काल रात्री यजमानांनी गोठ्याच्या चारही बाजूंना बारदान लावून फटी बुजवल्या. पहाटे आत गेले, तर मुताच्या वासाने माझेच डोळे चुरचुरले, आणि करडे शिंकत होती. ती हवा नाकाच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा करते आणि न्यूमोनियाला वाट करून देते; करडे कोरडी आणि पोट भरलेली असली, तर त्यांना थंडीपेक्षा कोंदट हवेचा धोका अधिक आहे. आज वरचे दोन फूट बारदान काढले आणि खालचे वाऱ्याच्या बाजूलाच ठेवले. रात्री करडे डालग्याखाली, भुसकटाच्या जाड थरावर, एकमेकांना चिकटून झोपतात. भुसकट रोज बदलायचे; गुडघा टेकून पाहायचे, लुगड्याला ओल लागली तर ते ओले.

६ डिसेंबर

शेंडीच्या एका करडाला परवापासून काळपट, रक्ताचे तंतू असलेली हगवण लागली होती. काल तालुक्याच्या दवाखान्यात लेंड्या तपासल्या. रक्ती हगवणीचे जंतू, म्हणजे कॉक्सिडिया, निघाले. औषध सगळ्या करडांना सुरू केले, पण ते करडू आज पहाटे गेले. अठरा दिवसांचे होते.

कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. करडे पाला चघळू लागली, म्हणून मी सुबाभळीचे डहाळे त्यांच्या कप्प्यात जमिनीवर टाकत होते. त्यावरच ती मुतत होती, लेंड्या टाकत होती आणि तोच पाला खात होती. आज सगळे डहाळे तोंडाच्या उंचीवर दोरीने टांगले, पाण्याचे भांडे विटांवर उचलून ठेवले आणि कप्प्याची जमीन उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात उघडी टाकली. सुबाभूळ एकूण पाल्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त द्यायची नाही, हेही पाटीवर लिहिले.

१२ डिसेंबर

भुरीची करडे आज तीस दिवसांची झाली. वजने ४.६ आणि ४.१ किलो, म्हणजे रोज सरासरी ८० आणि ७० ग्रॅम वाढ. मोरीची धाकटी, आता चांदणीची, अजून दोन किलो सातशेचीच आहे, पण ती चांदणीच्या पाठीवर चढून उड्या मारते आणि चांदणी तिला मारत नाही.

दुसऱ्या माजाच्या पाच शेळ्यांपैकी तिघी व्याल्या : दोन, एक, दोन. सगळी करडे ठीक.

१८ डिसेंबर

तांबूने जुळे दिले. वार संध्याकाळपर्यंत पडली नाही. अकरा तास झाले. बाहेर लोंबणारा भाग ओढायचा नाही, त्याला दगड किंवा चप्पल बांधायची नाही, कारण आतले तुटले तर सडते आणि पिशवीही उलटू शकते. बारा तासांनंतर डॉक्टरांना बोलवायचे ठरले होते; त्याआधी, साडेअकराव्या तासाला पडली.

२२ डिसेंबर

शेवटची ढवळी. २५ जुलैला गेरू, आज १५० दिवस.

रात्री अडीचपर्यंत मी गोठ्यात होते. खड्डे पडले होते, पण कळा नव्हत्या, म्हणून तासभर पाठ टेकायला घरात गेले आणि झोप लागली. जाग आली ती पाचला. धावत गेले, तर आत्याबाई कंदील शेजारी ठेवून भुसकटात बसल्या होत्या. ढवळीची वार अजून लोंबत होती आणि तिच्या खाली करडू शेपटी हलवत लुचत होते. नाळेला आयोडीनचा तांबडा डाग होता.

“घड्याळ बघितलंय मी,” त्या म्हणाल्या. “तुझ्या वहीत लिही.”

ढवळी, दुसरे वेत. जन्म ४.१५. नर, एक. पहिला चीक २० मिनिटांनी. वजन २.३ किलो. वार ७.०५. एकूण जन्म २४, हयात २२.